अमावास्या आणि २६ तारीख

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड. "अंगावर काटा आणणारा योगायोग!" इटलीचे रेसर बापलेक, अंतोनिओ आणि आल्बेर्तो अस्कारी. दोघंही २६ तारखेला गेले, दोघंही ३६ वर्षांचे. खाली हात जोडलेल्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

आमचे अप्पा घाटात ट्रक उलटून गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दारात जमलेल्या बायकांचं एकच पालुपद, "अमावास्या होती गं, निघायलाच नको होतं." ब्रेक नीट लागत नाहीत म्हणून अप्पा आठवडाभर मालकाच्या मागे लागले होते, त्याबद्दल चकार शब्द नाही. अमावास्येवर ढकललं की मालक सुटला!

२६ जुलै १९२५, पॅरिसजवळचं माँतलेरी, फ्रेंच ग्रां प्रीची कार शर्यत. अंतोनिओ सगळ्यांच्या पुढे होता. कडेच्या लाकडी कुंपणात त्याच्या अल्फा रोमिओचं चाक अडकलं आणि गाडी उलटली. कुंपणामुळे गेला तो, तारखेमुळे नाही! आल्बेर्तोचा सातवा वाढदिवस होऊन तेरा दिवस झाले होते. फॉरवर्डमध्ये हे पोर कुठेच नाही.

तेच पोर पुढे फेरारी चालवत १९५२ आणि १९५३ असं लागोपाठ दोनदा जगज्जेतं झालं. २२ मे १९५५ ला मोनाकोच्या शर्यतीत आल्बेर्तो गाडीसकट समुद्रात पडला, वाचला. चारच दिवसांनी इटलीतल्या मोन्झाच्या ट्रॅकवर कास्तेलोत्ती नावाच्या दुसऱ्या रेसरचं हेल्मेट घालून सहज दोन फेऱ्या मारायला गेला, तो परतलाच नाही.

हो, तो स्वतःही शकुन-अपशकुन मानायचा, काळ्या मांजराला घाबरायचा. आणि त्याची गाडी का उलटली ते आजही नक्की कळलेलं नाही. बरं, मान्य. म्हणून २६ तारखेने मारलं का त्याला? आमच्या अप्पांना अमावास्येने मारलं का?

जाऊ दे. माझ्या मनात वेगळंच घोळतंय. पोरांना आपला फार लळा लागू नये म्हणून आल्बेर्तो त्यांच्याशी जरा कडकच वागायचा, उद्या आपलं काही झालं तर त्यांना कमी त्रास व्हावा म्हणून. फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी यांना त्याने स्वतःच हे सांगितलं होतं. हे वाचलं आणि मोबाईल खाली ठेवला.

दादाही ट्रकवरच आहे. निघताना लेक कितीही रडली तरी तिला उचलून घेत नाही. केबिनमध्ये चढतो, गाडी सुरू करतो आणि मग काचेतून हात करतो.