‘ठोके मोजणारा काउंटर फसवा आहे’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार. एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून नेलेला स्ट्रोक काउंटर फसवा आहे. ताशावर बेताने वाजवलं तर मिनिटाला 540 ठोके दाखवतो आणि जीव तोडून वाजवलं की 360. शिवाय उघडलेलं खोकं आम्ही परत घेतलं नाही.

आकडे लिहिलेत ते बरं झालं, खोच त्यांतच आहे. एक ठोका मोजला की सेन्सर पुढचा काही वेळ काहीच मोजत नाही. नाहीतर पानाची, म्हणजे ताशाच्या ताणलेल्या पडद्याची, थरथरही ठोका म्हणून धरली जाईल. हा वेळ कंपनीकडून 100 मिलिसेकंदांवर ठेवलेला येतो. सेकंदाला नऊ ठोके वाजवलेत तर दोन ठोक्यांत 111 मिलिसेकंद पडतात, सगळे मोजले जातात, झाले 540. बारा वाजवलेत की अंतर 83 वर येतं आणि एकाआड एक ठोका गळतो. वाजवलेत 720, दिसले 360. फसव्या यंत्राचा हिशोब इतका चोख लागत नाही!

मेनूत जाऊन तो वेळ 30 वर आणा. पण मग सेन्सर ताशाच्या पानाला चिकटवू नका, पान घणघणतं आणि एकाचे दोन मोजले जातात. रबरी प्रॅक्टिस पॅड घ्या, कुठलंही चालेल, आमच्याकडूनच घ्या असं नाही. तर्रीतले, म्हणजे सलग जलद वादनातले, हलके ठोके सुटत असतील तर सेन्सिटिव्हिटी वाढवा.

दुकानातल्या फलकावरचा 1203 ठोक्यांचा आकडा तुम्हाला थाप वाटतो. तो माइक मॅन्जिनी या अमेरिकन ड्रमरचा, 2005 सालचा. एका मिनिटात, दोन्ही हात आलटूनपालटून. म्हणजे सेकंदाला वीस ठोके, मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला 300 वर लावून प्रत्येक टिकीला चार. गळ्यात ताशा अडकवून त्याच्या मागे लागू नये असं माझं मत. पथकात ढोलवाले तुमची लय धरतात, आकडा त्यांना दिसतही नाही.

‘लय दाखवत नाही’ ही तक्रार मात्र मान्य नाही. काउंटर फक्त ठोके मोजतो, लयीसाठी मेट्रोनोम वेगळा मिळतो.

उघडलेला माल परत घेत नाही, हे बिलावर छापलेलं आहे. तरीही काउंटर घेऊन या, ताशाही आणा. तुमच्यासमोर सेटिंग करून देतो. त्यानंतरही मोजणी चुकली तर पूर्ण पैसे परत. फक्त दुपारी चारच्या आत या, गणपतीच्या तोंडावर संध्याकाळी दुकानात उभं राहायला जागा नसते.