पडद्यावरचा आकडा खरा असावा, एवढीही अपेक्षा करायची नाही का?

रत्नागिरीतल्या आमच्या छोट्या कंपनीला एक फ्रंट-एंड डेव्हलपर हवा आहे, आणि तो मिळत नाही याचा मला आता मनापासून संताप आला आहे. छतावरच्या सौरसंचांवर देखरेख ठेवणारी प्रणाली आम्ही बनवतो. इन्व्हर्टरकडून, म्हणजे सौरपट्ट्यांची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या यंत्राकडून, येणाऱ्या नोंदी ग्राहकाला मोबाइलवर समजतील अशा दाखवणे, हे या माणसाचे काम. अर्ज ढिगाने येतात. प्रत्येकात रिअ‍ॅक्ट, अँग्युलर, टाइपस्क्रिप्ट अशी प्रोग्रामिंगच्या साधनांची तीच नावे त्याच क्रमाने असतात, आणि समोर बसवून साधे बटण करायला सांगितले की उमेदवार खऱ्या बटणाऐवजी डिव्हला, म्हणजे पानावरच्या नुसत्या चौकटीला, क्लिक जोडून मोकळा होतो. ते कीबोर्डने दाबता येत नाही, हे त्याच्या गावीही नसते.

ते एक वेळ शिकवता येईल. पण आकडा खरा की खोटा याची पर्वाच नसेल, तर ती कशी शिकवायची? चाचणीसाठी आम्ही ३ किलोवॉटच्या संचाच्या एका दिवसाच्या, दर पाच मिनिटांनी घेतलेल्या किलोवॉटच्या नोंदी देतो आणि दिवसभरात किती युनिट वीज तयार झाली ते दाखवायला सांगतो. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, हे शाळेत शिकवलेले असते. प्रत्येक नोंद पाच मिनिटांपुरतीच, म्हणून बेरजेला बाराने भागायला हवे. तरीही एकामागून एक उमेदवार सगळ्या नोंदींची सरळ बेरीज करतात आणि १२ युनिटांच्या जागी १४४ युनिट ठळक हिरव्या अक्षरांत मांडतात. हा संच चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला तरी ७२ युनिटच होतील, हे दाखवून दिले तर उत्तर मिळते, "डेटा तसाच आला होता."

पावसाळ्यातल्या नोंदी दिल्या की याहून वाईट. वीज गेली की ग्रिडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, जोडलेला इन्व्हर्टर सुरक्षिततेसाठी स्वतःहून बंद होतो, म्हणून तेव्हाचे शून्य खरे असते. नुसती मोबाइलची रेंज गेली तर संच चालू असतो आणि फक्त नोंद पोहोचत नाही. राजापूर-लांज्याकडच्या वाड्यांवर जुलैत दोन्ही गोष्टी सारख्या घडतात. हे लोक दोन्हीकडे शून्यच छापतात! मग कर्ज काढून संच बसवलेला माणूस घाबरून फोन करतो आणि आमचा तंत्रज्ञ भर पावसात विनाकारण त्याच्या छतावर चढतो. घराच्या छतावरच्या सौरसंचाला अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये आल्यापासून असे ग्राहक साध्या घरांतले आहेत. त्यांना खोटा आकडा दाखवणे ही माझ्या लेखी फसवणूक आहे.

उमेदवार पाठवणाऱ्या एजन्सीकडे तक्रार केली, तर "कोकणात कोण येणार?" असे आम्हालाच सुनावले जाते. कोयनेची वीज पोफळीला तयार होते, दाभोळ आणि जयगडचे प्रकल्प याच जिल्ह्यात आहेत, आणि विजेचे काम जाणणारा माणूस मात्र इथे मागायचा नाही!

ज्यांना काम खरोखर येते, त्यांच्यावरचा माझा राग तर वेगळाच. पगार जाहिरातीतच लिहिलेला असतो, तो मान्य करून ते नेमणुकीचे पत्र घेतात, तेच पत्र पुण्याच्या कंपनीपुढे ठेवून तिथला आकडा वाढवून घेतात आणि रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद ठेवतात. यायचे नसेल तर आदल्या आठवड्यात एका ओळीचा निरोप द्यावा. तेवढ्यात आम्ही दुसऱ्या कोणाला तरी बोलावले असते.