उपकरणाची परीक्षा मे महिन्यात घ्यावी

नव्या वैद्यकीय उपकरणाची कल्पना पारखण्यासाठी अचूकता, किंमत आणि हाताळणीची सुलभता हे तीन निकष पुरेसे आहेत, हे लेखातील प्रतिपादन मला अपुरे वाटते. गडचिरोली जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करताना माझा पहिला प्रश्न असतो, तो म्हणजे हाती आलेल्या निकालावरून पुढे काय ठरणार? सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचेच उदाहरण घ्यावे. त्यासाठीची सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी स्वस्त आहे आणि काही मिनिटांत होते. परंतु वाहक (स्वतः आजारी नसलेला, पण दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारा) कोण आणि रुग्ण कोण हे ती सांगू शकत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी करावीच लागते, आणि सहा महिन्यांखालील बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बरेच उरलेले असल्यामुळे दोष असूनही सोल्युबिलिटी चाचणी निर्दोष दाखवू शकते. गावात मात्र ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द पोहोचतो आणि मुलीच्या सोयरिकीची बोलणी थांबतात. म्हणून येथे खरी गरज पहिल्याच भेटीत हा भेद दाखवणाऱ्या साधनाची आहे. आणखी एका स्वस्त चाळणी चाचणीची नव्हे.

दुसरी बाब उन्हाची. साखर तपासण्याच्या पट्ट्या साधारणतः ३० अंशांपर्यंतच ठेवायच्या असतात, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि वीज नेमकी दुपारीच जाते. वातानुकूलित खोलीत मिळालेले अचूकतेचे आकडे त्यामुळे मी तरी अर्धेच मानतो. (शीतपेटीत लसींशेजारी पट्ट्या ठेवण्याची परवानगी कोणीही देत नाही, आणि ते योग्यच आहे.)