परदेशी विद्यार्थी कक्ष कसा चालवावा

अभिनंदन! तुमच्या पुणेरी विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी कक्ष अखेर तुमच्या गळ्यात पडला. घाबरू नका, काम सोपं आहे.

आधी माहितीपत्रक छापा. मुखपृष्ठावर झाडाखाली खिदळणारी रंगीबेरंगी मुलं हवीत. नेपाळी मुलं मात्र टाळा. २०२१-२२च्या सरकारी पाहणीत देशातल्या ४६,८७८ परदेशी विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्के नेपाळचेच होते, पण फोटोत ती परदेशी वाटत नाहीत, त्याला आपण काय करणार? त्यापेक्षा आठवडाभरासाठी आलेला एखादा गोरा पाहुणा पकडा.

मग जागा वाढवा. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२मध्ये परदेशी मुलांसाठी मंजूर संख्येच्या वर २५ टक्क्यांपर्यंत जागांची मुभा दिलीच आहे. वसतिगृहात कॉट वाढवा असं काही कुणी बजावलेलं नाही. फी तेवढी डॉलरमध्ये घ्या.

आता खरी मजा. समजा, सुदानचा मुलगा आला. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा, म्हणजे १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून पोलिसांकडे नोंदणी करायची. अर्ज ऑनलाइन, पण सोबत तुमचं बोनाफाईड हवं. बोनाफाईडवर इथला पत्ता हवा, पत्त्यासाठी भाडेकरार हवा, आणि घरमालक म्हणतो, ‘आधी पोलिसांचा कागद दाखव.’ यात तुम्ही काहीच करायचं नाही, हीच तर खुबी. खिडकीवर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या’ एवढं पुरतं. तेराव्या दिवशी बोनाफाईड द्या, पण गोल शिक्का विसरा. मुलगा परत येईल तेव्हा जेवणाची सुट्टी झालेली असेल.

भाषणात सिम्बायोसिसची गोष्ट जरूर सांगा: काविळीने आजारी पडलेला मॉरिशसचा विद्यार्थी, खिडकीतून त्याला जेवण देणारी मुलगी, ते पाहून हेलावलेले डॉ. मुजुमदार आणि १९७१ साली उभी राहिलेली संस्था. टाळ्या हमखास. तुमच्या वसतिगृहात कुणी तापाने फणफणला असेल तर त्याला रेक्टरचा नंबर द्या. तो लागत नाही, हे सांगायची गरज नाही.

गणपतीत मात्र हात आखडता घेऊ नका. फेटे बांधा, कमरेला ढोल अडकवा, मोदक भरवताना फोटो काढा. पेपरवाल्यांना आदल्या दिवशीच कळवा.

दिवाळीत मेस नेहमीप्रमाणे बंद ठेवा. सगळी मुलं घरी जातातच. नैरोबीची मुलंही वसुबारसेला निघून भाऊबीज उरकून परततील की! कुणी मागे राहिलंच, तर वॉचमनला सांगून गेटबाहेरच्या वडापावच्या गाडीची वेळ कळवा. पाडव्याला तीही बंद असते.