दुसरा गिअर सुटतो, त्यात क्लचचा काय गुन्हा?

नमस्कार. इंजिन बांधल्यावर दुसरा गिअर आपोआप सुटू लागलेल्या एका मोटारसायकलबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही सविस्तर आणि सडेतोड लिहिलंत, आवडलं. तुमचे आक्षेप थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. इंजिन बांधल्यावर दुसरा गिअर सुटू लागला म्हणून पुन्हा इंजिन खोलायला सांगणं म्हणजे लोकांना नसत्या खर्चात पाडणं. क्लचची केबल ताणून आणि जाड ऑइल टाकून भागलं असतं. नाहीच भागलं तर डॉग (गिअरच्या कडेचे, शेजारच्या गिअरमध्ये अडकणारे ठोकळे) घासून घ्यायचे. आणि तुमच्या गाडीचा तिसरा नुसत्या ऑइल बदलाने सुटायचा थांबला, हा पुरावा.

आधी डॉगचंच घेऊ. ते घासायचे तर गिअर हातात यायला हवेत, आणि बहुतेक गाड्यांत ते हातात येण्यासाठी क्रँककेसचे (इंजिनच्या खालच्या कवचाचे) दोन्ही हाफ वेगळे करावे लागतात. म्हणजे इंजिन तुम्हीही खोलताच आहात की!

आता क्लच. गिअर पडत नाही ही एक तक्रार, पडलेला गिअर टिकत नाही ही दुसरी, आणि दोन्हींची मुळं वेगळ्या ठिकाणी असतात. क्लच दाबूनही प्लेट पुरत्या सुट्या झाल्या नाहीत तर इंजिनची ताकद थोडी थोडी पुढे जातच राहते. मग उभ्या गाडीला न्यूट्रल सापडत नाही, पहिला टाकताना खाडकन आवाज येऊन गाडी पुढे ओढते, आणि इंजिन बंद केलं की तोच न्यूट्रल मुकाट्याने लागतो. असं असेल तर जरूर केबल बघा. क्लच लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मि.मी. ढील असते, त्याहून जास्त झाली असेल तर तुमचा सल्ला शंभर टक्के बरोबर.

पण मी ज्या गाडीबद्दल लिहिलं तिचं काय होत होतं? गाडी दुसऱ्यात, क्लच पूर्ण सोडलेला, पाय गिअर लिव्हरवर नाही. थ्रॉटल उघडला की फटकन गिअर बाहेर आणि इंजिन भणाणतंय. त्या क्षणी क्लच आपलं काम चोख करतोय, आलेली सगळी ताकद पुढे पाठवतोय. ती ताकद आत धरून ठेवली जात नाहीये. अशा वेळी केबल आणखी ताणली तर क्लच घसरून प्लेट जळतील, म्हणजे एकाच्या जागी दोन दुखणी.

जाड ऑइलचंही तेच. डॉगला जागेवर धरून ठेवणं हे ऑइलचं कामच नाही. गार इंजिनात तर जाड ऑइलने प्लेट चिकटून क्लच आणखी ओढतो. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असेल तर निर्मात्याने सांगितलेली जाडी ठेवा आणि डब्यावर जासो एमए (दुचाकीच्या ऑइलची जपानी वर्गवारी) लिहिलंय ना, ते बघा. मोटारीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, त्यांनी क्लच घसरतो. म्हणून तर १९९८ साली दुचाकींसाठी ही वेगळी वर्गवारी आली.

मुळात आत काय घडतं ते बघा. सगळ्या गिअर-जोड्यांचे दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. आपण लिव्हर मारतो तेव्हा ड्रम (खाचा असलेला रूळ) फिरतो, ड्रमच्या खाचेतून फोर्क (गिअरला धरणारा दोन पायांचा चिमटा) सरकतो, फोर्क एका गिअरला बाजूला ढकलतो आणि त्याच्या कडेचे डॉग शेजारच्या मोकळ्या फिरणाऱ्या गिअरच्या खाचांत शिरतात. पुरते शिरले तर प्रश्नच नाही. टोकावरच अडकले तर अर्धवट लागलेल्या कडीचं दार जसं, तसं, जोर आला की उघडलं.

ही गाडी बिगएंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) आवाजासाठी खोलली होती. त्याआधी दुसरा ठणठणीत होता. बांधून बाहेर आली आणि दुसरा, फक्त दुसरा, सुटायला लागला. डॉग काही इंजिन टेबलावर असताना झिजत नाहीत. म्हणजे बांधताना ज्याला हात लागला तिथेच शोधायचं, आणि तेसुद्धा बाहेरून आत. गिअर लिव्हर स्प्लाइनवर (दातेरी दांड्यावर) एखादा दाता खाली बसून कव्हरला टेकत असेल तर स्ट्रोक अपुरा पडतो, हे फुकटात कळतं. पुढे क्लच कव्हर काढलं की बऱ्याच गाड्यांत ड्रमचा स्टार (ताऱ्यासारखी चकती), त्यावर दाबून बसणारा रोलरचा आर्म आणि त्याची स्प्रिंग दिसते. आर्मचा वायसर राहिला किंवा चुकीच्या बाजूला गेला तर बोल्ट कसल्यावर आर्म जाम होतो. पण तिथला दोष सहसा एका गिअरवर थांबत नाही, जागोजागी खोटे न्यूट्रल लागतात. इथे सगळं जागच्या जागी होतं. तेव्हा कुठे हाफ उघडले.

आत दुसऱ्या गिअरला शाफ्टवर धरून ठेवणारी सर्क्लिप (शाफ्टच्या खाचेत बसणारी उघडी रिंग) उलटी निघाली. पत्र्यातून ठोकून काढलेल्या सर्क्लिपच्या दोन कडा सारख्या नसतात. नखाने चाचपा, एक बाजू गोलसर लागेल, दुसऱ्या बाजूला नख अडेल. जिकडून जोर येतो तिकडे गोल बाजू, आणि धारदार बाजू खाचेच्या भिंतीला, म्हणजे पूर्ण कड टेकते. उलटी बसवली की तीच गोलाई भिंतीवरून निसटू बघते. शिवाय ही जुनीच परत वापरलेली, ताणून सैल झालेली. फोर्क दुसऱ्याला डॉग लावायला ढकलायचा आणि दुसरा सर्क्लिपसकट मागे सरकायचा. डॉग मग टोकावरच. सुटू पाहणारा गिअर फोर्कने रेटून धरलेला, त्या घासण्याने फोर्कचा एक पाय चक्क निळसर झालेला. नवी सर्क्लिप, नवा वायसर, नवा फोर्क. डॉगचे कोपरे अजून धारदार होते म्हणून गिअर तेच ठेवले. आणखी काही काळ तशीच चालवली असती तर तेही गेले असते.

या डॉगना घासून उतार दिला असता तर? शर्यतीच्या गाड्यांत काही अंशांचा उलटा उतार देतात, म्हणजे ताकद आली की डॉग एकमेकांना आत ओढतात. युक्ती खरी आहे. पण समोरासमोरच्या दोन्ही बाजू, सगळे डॉग अगदी सारखे कापावे लागतात, आणि जास्त कापलं तर वरचा कडक केलेला थर जातो. हँड ग्राइंडरवर तर नकोच. सर्क्लिप मात्र तेव्हाही उलटीच राहिली असती.

जाता जाता, बांधणाऱ्यांसाठी. हाफ बंद करण्याआधी हाताने ड्रम फिरवून सगळे गिअर टाकून बघता ना, तेव्हा शाफ्टही फिरवत राहा. स्थिर शाफ्टवर डॉग खाचेसमोर आला नाही की गिअर पडत नाही, तो दोष नव्हे. पण बोल्ट कसल्यावर शाफ्ट जड झाला तर थांबा, शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) चुकलाय. बोल्टच्या जोरावर हाफ जुळवू नका.

राहिला तुमचा तिसरा. तुमच्या अनुभवावर शंका नाही. जुन्या ऑइलमुळे क्लच ओढत असेल, तिसरा नीट बसतच नसेल, आणि ताज्या ऑइलने तो बसू लागला, हे सहज शक्य आहे. पण एकदा मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्यात मध्यम वेगाने थ्रॉटल झटक्यात उघडा, मग झटक्यात मिटा. डॉगची एक बाजू ओढताना काम करते, दुसरी इंजिन ब्रेकिंगला. त्यामुळे सुटलाच तर उघडताना सुटला की मिटताना, आणि त्याच फोर्कवरचा जोडीचा गिअरही असंच करतो का, एवढं लिहा. मग तुमच्या इंजिनाला हात लावायचा की नाही, ते ठरवता येईल.