36 पानं, सगळी कोरी

माझ्याकडं पासपोर्ट आहे हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे, पण तो कशाला काढला हे अजून कोणालाच माहीत नाही, मला धरून.

गाव दारव्ह्यापासून आतल्या अंगाला. लहानपणी आमच्याकडं शकुंतला नावाची रेल्वे होती, यवतमाळ ते मूर्तिजापूर, नॅरोगेज, इंग्रजांच्या काळात कापूस न्यायला टाकलेली लाईन. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं अन् चाल अशी निवांत की पोट्टे चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायचे आणि मागच्या डब्यात चढायचे. आबाजी सांगायचे, इथला कापूस हिच्यात बसून मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला, मग बोटीनं पार मँचेस्टरला. तेव्हापासून मला कापसाचा हेवा वाटत आला आहे. मी त्याच गाडीनं मूर्तिजापूरपर्यंत गेलो तर मावशीनं स्टेशनवरच धरलं, दोन दिवस पुरणपोळी खाऊ घातली आणि तिसऱ्या दिवशी परतीच्या डब्यात बसवून दिलं. मुंबई-मँचेस्टर राहिलं ते राहिलंच.

तर 2014 साली तूर विकून हातात चार पैसे आले, आणि काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, दारव्ह्याला नेटकॅफेत जाऊन फॉर्म भरला. 1500 रुपये फी. नेटकॅफेवाल्या पोट्ट्यानं विचारलं, "भौ, कोन्त्या देशात चालले?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाई." तो म्हणे, "मंग आधी ठरवा नं, 1500 रुपयात दोन पोते खत येते."

नागपूरला जाऊन फोटो, बोटांचे ठसे वगैरे झालं, ते काही सांगण्यासारखं नाही. खरी मजा पोलीस व्हेरिफिकेशनची. जमादार मोटरसायकलवर घरी आले तर पाच मिनिटात अर्ध गाव दारात. मायनं मला आत ओढून हळूच विचारलं, "काय करून ठेवलं रे बाप्पा?" साक्षीला दोन शेजारी लागतात. एक तयार होता, दुसरा नेमका बाजारला गेलेला, आणि उरला कोण, तर ज्याच्याशी आमचा वीस वर्षांपासून धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद चालू आहे तो. मी म्हटलं संपलं आता. पण त्यानं इतकी मनापासून साक्ष दिली की काय सांगू. "मानूस लय चांगला हाय सायेब, याले लवकर पाठवा. अन् दूर पाठवा."

गावात बातमी पसरली की मी दुबईला चाललो. एका काकाजींनी तिकडून टॉर्च आणायला सांगितली, नाभिकानं अत्तर, वहिनींनी फक्त "काईतरी", आणि हे काईतरी सगळ्यात महाग पडतं हा माझा अनुभव आहे. खरा घाबरला तो कृषी केंद्रवाला. त्याच्याकडं माझी बियाण्याची उधारी होती, तो संध्याकाळी सहज म्हणून चहाला आला, इकडचं तिकडचं बोलला, पीकपाणी विचारलं, अन् जाता जाता म्हणे, "तिकडं गेल्यावर मानूस मांगचं इसरतो म्हनते, खरं काय?" मी दुसऱ्या दिवशी निम्मे पैसे नेऊन दिले, पासपोर्टाचा तेवढा एक खर्च मी धरला नव्हता.

पासपोर्ट आला. 36 पानं, दहा वर्षांची मुदत. बायकोनं तो कोठीत सातबारा आणि पोराबाळांच्या जन्मदाखल्यांसोबत ठेवला, आणि मग सुरू झालं आमचं दरवर्षीचं "पुढच्या साली पाहू". एका साली बहिणीचं लग्न, एका साली बोअरला पाणीच लागेना, 2017 ला तर गुलाबी बोंडअळीनं अख्खा कापूस खाल्ला, म्हणजे त्या साली कापूससुद्धा कुठं गेला नाही. रात्री मोबाईलवर मी स्वित्झर्लंडच्या गाई पाहायचो. घंटा बांधलेल्या, धुतलेल्या, चरायला एवढी मोठी हिरवी कुरणं, आणि बाहेर आमची गाय ओरडत असायची की कुटार टाक.

शेवटी योग आला 2019 च्या उन्हाळ्यात. तालुक्यातून यात्रेची बस निघणार होती, काशी, अयोध्या आणि नेपाळ, पशुपतिनाथ. नेपाळ म्हणजे फॉरेनच की राजेहो! मी कोठीतून पासपोर्ट काढला, पिशवीत नाही, खिशात नाही, बनियनच्या आतल्या खिशात ठेवला. बसमध्ये आम्ही 52 जण, त्यातले चाळीसेक साठीच्या पुढचे. डिक्कीत कपड्यांपेक्षा तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, कांदे, गॅस आणि एक मोठा गंज, म्हणजे पातेलं, सोबत आचारी. काशीत गंगेपेक्षा जास्त चर्चा त्या दिवशी वरणात फोडणी कमी पडली याची झाली.

सोनौलीच्या बॉर्डरवर बसच्या भन्सारला, म्हणजे गाडीच्या जकातीला, तीन तास गेले. ऊन मी म्हणत होतं. मी मात्र केस विंचरून, पासपोर्ट हातात धरून तयार. गणवेशातल्या माणसासमोर गेलो आणि उघडून पहिलं कोरं पान पुढं केलं. तो म्हणे, "इसकी जरूरत नहीं, वोटर कार्ड है ना?" वोटर कार्ड होतंच, लोकसभेचं मतदान नुकतंच झालं होतं. मी म्हटलं, "सायेब, है तो, लेकिन एक ठप्पा मारो ना इसपर." तो म्हणे भारतीयांना लागत नाही. मी म्हटलं, लागत नसू द्या, नुसता हौसेसाठी मारा. त्याला वाटलं मी थट्टा करतो. तेवढ्यात मागून आमच्या बसमधली एक बुढी ओरडली, "काऊन अडवून ठेवलं रे बाप्पा, मले बाथरूमले लागली!" आणि तिनं कमरेत जो धक्का दिला त्यानं मी पहिल्यांदा परदेशात पाऊल टाकलं.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढं असतं. ही माझी आयुष्यातली पहिली परदेशी कमाई, तीही येताना सीमेवर परत द्यावी लागली. पैशाचं म्हणाल तर आपले 100 म्हणजे तिकडचे 160, हे कळल्यावर बसमधल्या काकाजी लोकांची चालच बदलली, एकजण तर चहा पिऊन "असू दे रे" म्हणाले. त्रिशूली नदीच्या काठानं रात्रभर वळणं, खाली नदी, वर दरड, आणि आत 52 जणांच्या उलट्या आणि हरिपाठ, दोन्ही एका लयीत. काठमांडूत बस थांबली की आधी चुलीला आडोसा शोधायचा. पशुपतिनाथाचं दर्शन छान झालं हो, बागमतीच्या काठावर दोन मिनिटं खरंच मन शांत झालं, तिसऱ्या मिनिटाला आचाऱ्यानं हाक मारली, भाकरी थापायला माणूस कमी आहे. मी हिमालयाच्या देशात जाऊन भाकरी थापल्या. हिमालय काही दिसला नाही, मे महिन्याचा धुरकटपणा. आमच्याकडल्या तळ्यांवर हिवाळ्यात पट्टकादंब पक्षी येतात, ते हाच हिमालय ओलांडून येतात, आणि मी तिकीट काढून जाऊन त्याची सावलीसुद्धा पाहिली नाही.

परत आल्यावर काकाजींनी टॉर्चचं विचारलं. 2020 ला म्हटलं आता थायलंड, तर मार्चपासून सगळं जगच घरात बसलं. खरं सांगतो, त्या वर्षी मला जरा बरं वाटलं, पहिल्यांदाच कोणीच कुठं जात नव्हतं.

2024 ला मुदत संपली, पुन्हा 1500 भरले. खिडकीतल्या पोरीनं जुना पासपोर्ट हातात घेतला, सगळी पानं एकदा समोरून अन् एकदा मागून चाळली. "काका, एकदाही गेला नाही?"

"गेलो नं. नेपाळले."

"मग शिक्का?"

"थे मारत नाई."

तिनं काही न बोलता ठप्पा उचलला आणि धाडकन मारला. दहा वर्षांत त्याच्यावर पडलेला पहिला शिक्का, रद्द झाल्याचा. मग कात्रीनं कोपरा कापून माझ्या हातात दिला.

नवा आला तो गेला कोठीत. जुना मी टेबलावर विसरलो, तर लेकीनं पाहिला, ती तिसरीत आहे, शाळेत भेंडी कापून तिचे ठसे मारायचे शिकवलेत. बघतो तर पासपोर्ट उघडा, बाजूला वाटीत निळी शाई, अन् पोरगी विचारते, "बाबा, हा कोणता देश?"

मी खाली बसलो. म्हटलं, हा जपान मार. हा इजिप्त. इथं वाकडा पडला तो स्वित्झर्लंड राहू दे. मँचेस्टरला दोन मार, एक कापसाचा. अठरा-वीस पानं झाली असतील, तेव्हा आतून बायको बाहेर आली, तिनं वाटी पाहिली, भेंडी ठेवलेलं सूप पाहिलं, आणि त्या संध्याकाळी आमच्याकडं भेंडी कमी पडली म्हणून परत तुरीचंच वरण झालं.