खोक्यावर विश्वास ठेवा, कानांवर नको

हेडफोन घ्यायचाय? गेमही खेळायचाय, गाणीही ऐकायचीत आणि बजेट अडीच-तीन हजार? उत्तम. गेल्या महिन्यात मीही याच वाटेने गेलो आणि 2,799 रुपये घालवून परत आलो. त्यामुळे सल्ला द्यायचा अधिकार मला आपोआप मिळालेला आहे.

आधी नावात 'गेमिंग' आहे का ते बघा. नसेल तर हात लावू नका. साध्या हेडफोनच्या कानांवर लाल-निळे दिवे बसवले की तो गेमिंगचा होतो. आईने माझा बघून विचारलं, "गणपतीचं तोरण अजून उतरवलं नाहीस का रे?"

काट मारलेली किंमत जितकी मोठी तितका माल भारी.

खोक्यावर '7.1 सराउंड' हवंच. म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर. उघडून बघाल तर डाव्या कानाला एक ड्रायव्हर, म्हणजे छोटा स्पीकर, उजव्याला एक. बाकीचे स्पीकर सॉफ्टवेअर मनाने भरतं. (दोन कानांनी दिशा कळतेच म्हणा, नाहीतर मागून येणारी पीएमटीची बस कशी कळली असती? पण त्यासाठी बरा स्टिरिओ, म्हणजे दोन कानांना दोन वेगळे आवाज, हाही पुरतो. हे मात्र कुणाला सांगू नका, माणसं पैसे वाचवतील.)

'20 ते 20,000 हर्ट्झ', म्हणजे सगळ्यात खालच्या सुरापासून सगळ्यात वरच्या सुरापर्यंतचा पल्ला, वाचून भारावून जा. रस्ता पुण्याहून नागपूरला जातो एवढंच त्यातून कळतं, मधल्या खड्ड्यांचं कुणी लिहीत नाही. माझ्या हेडफोनवर बेस एवढा की तानपुरा बोअरिंगच्या मोटारीसारखा वाजतो आणि गाणाऱ्या बाई शेजारच्या बिल्डिंगमधून गातात.

'ईएनसी', म्हणजे आजूबाजूचा गोंगाट कापायची सोय, दिसलं की डोळे मिटून विकत घ्या. मला वाटलं, चला, आईचा मिक्सर सुटला. सुटला खरा, पण पलीकडच्या मित्राचा. ईएनसी माइकसाठी असतं, कानासाठी असतं ते एएनसी. एका अक्षराचा तर फरक, एवढं काय मनाला लावून घ्यायचं!

आणि ब्लूटूथच घ्या. वायर म्हणजे मागासलेपण. बीजीएमआय या मोबाइलवरच्या गेममध्ये शत्रूच्या पावलांचा आवाज ब्लूटूथवरून उशिरा पोचतो आणि मला मी मेल्यावर ऐकू येतो, पण वायरीत पाय अडकत नाही, हा फायदा विसरू नका. खरी गंमत माइक चालू केल्यावर. लॅपटॉपवर गाणं लावलंय, मित्रांशी बोलायला माइक सुरू केला, आणि गाणं एकदम जुन्या एसटीडी बूथमधून यायला लागलं! मी सेटिंग बदलली, ड्रायव्हर (हा सॉफ्टवेअरवाला) काढून परत टाकला, लॅपटॉप रिस्टार्ट केला, रात्री दीडपर्यंत जागलो. बिघाड नव्हताच. स्वस्तातल्या ब्लूटूथमध्ये हे असंच चालतं. नुसतं ऐकायचं तर एक प्रोफाइल, म्हणजे आवाज पाठवायची एक पद्धत, त्यात चांगला स्टिरिओ. माइक लागला की दुसरं, फोनवर बोलण्यासाठी केलेलं. त्यात दोन्ही कानांत एकच आवाज, आणि वरचे सूर 4 हजार, फार तर 8 हजार हर्ट्झच्या पुढे जातच नाहीत. 20,000 गेले कुठे? आणि दिशाच उरली नाही तर तुमचं ते 7.1 काय चाटायचंय? टीममध्ये खेळायचं म्हणजे माइक लागणारच ना? मग हा कसला डोंबलाचा गेमिंग हेडफोन?

सर्व्हिस सेंटरला फोन केला. "सर, एकदा रिसेट करून बघा." तीनदा केला. चौथ्या दिवशी बिजागरी तुटली. "सर, फिजिकल डॅमेज वॉरंटीत येत नाही."

बास झालं आता. माइक लावल्यावर स्टिरिओ जातो, हे एक वाक्य खोक्यावर छापायला किती शाई लागते रे? ड्रॅगनचं चित्र छापायला जागा आहे, याला नाही? त्याच पैशात 3.5 मिमीच्या पिनचा वायरवाला, किंवा यूएसबी डोंगलवर (लॅपटॉपला खोचायचा छोटा तुकडा) ब्लूटूथशिवाय 2.4 गिगाहर्ट्झने चालणारा आला असता. दुकानदाराला हे माहीत होतं. मी दोनदा विचारलं होतं त्याला, "माइक लावून गाणी नीट ऐकू येतात ना?" मान डोलावून मोकळा झाला.

आणि तुम्ही, हो, तुम्हीच! 'डिलिव्हरी वेळेत मिळाली, अजून वापरला नाही' असं लिहून पाच तारे कसले देता? तुमच्याच भरवशावर घेतला होता मी तो.